इटली सहल : रेल्वे प्रवासाची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. आपली तिकिटं सवलतीची आहेत, गाडी चुकली की ती वाया गेली, म्हणून रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर अर्धा तास आधी जमायचं. फलकावर 'फ्लोरेन्स' शोधू नका, तिथे 'फिरेंझे' लिहिलेलं असतं. प्लॅटफॉर्मला 'बिनारियो' म्हणतात आणि त्याचा नंबर बरेचदा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो. त्यामुळे सगळ्यांनी फलकासमोरच थांबा. डब्यात आपापली बॅग आपणच चढवायची आहे, तेव्हा झेपेल तेवढीच घ्या.

लुक्का आणि पिसाला लोकल गाडीने जाऊन त्याच दिवशी परत यायचं आहे. लोकलचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का घ्या. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो. ज्येष्ठ मंडळींसोबतच्यांनी त्यांचीही तिकिटं आठवणीने तपासावीत.

आधी लुक्का करू. तिथल्या जुन्या तटबंदीवरून चार किलोमीटरची सावलीची फेरी मारता येते. ती चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. तिथून पिसाला जाताना मुख्य स्टेशनाआधी 'सान रोस्सोरे'ला उतरा, झुकता मनोरा तिथून जवळ पडतो.