चर्चगेटचं चर्च दाखवणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

तुमचं नाव विचारायचंच राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. जुलैमध्ये भर पावसात लेकीला घेऊन सेंट थॉमस कॅथेड्रलला आलो होतो, हॉर्निमन सर्कलजवळ. तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी मुंबईतले जुने मैलाचे दगड हवे होते आणि ते मैल मोजले कुठून यावर आमचं घोडं अडलं होतं. तुम्ही म्हणालात, "इथूनच की!" आणि हातातलं काम ठेवून तासभर आमच्याबरोबर फिरलात.

मी रोज चर्चगेटला उतरतो, पण गेट कुठलं नि चर्च कुठलं हे कधी डोक्यातच आलं नाही. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे यायचे तो १८६०च्या दशकात पाडला आणि तिथेच आज फ्लोरा फाउंटन आहे, हे तुमच्याकडून कळलं.

१६७६ मध्ये गव्हर्नर आँजियेंनी बांधकाम सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते वारले आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या राहिल्या, मग रिचर्ड कॉब या पाळकांनी लोकांच्या मागे लागून वर्गणी जमवली तेव्हा कुठे १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. हे सांगताना तुमचा आवाज असा होता जणू ती वर्गणी तुम्हीच फिरून गोळा केलीत!

पण खरे आभार त्या भिंतींवरच्या शिळांसाठी. मी मोठमोठ्या गव्हर्नरांची स्मारकं बघत होतो, तुम्ही मात्र लेकीला नुसती वयं वाचायला लावलीत. कोण विशीतलं, कोण तिशीतलं. रोगराईने माणसं इतकी पटापट जायची की 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' अशी तेव्हाच्या मुंबईत म्हणच होती, म्हणालात. बाहेर धो धो पाऊस, आणि ती एकदम गप्प झाली. नंतर तुम्ही रिकाम्या बाकांकडे हात करून म्हणालात, "ही पण आमचीच मंडळी, बाळा." ते वाक्य माझ्या मनातून जातच नाहीये.

प्रोजेक्ट झालाय. नकाशावर तुमच्या चर्चपाशी तिने लाल पेनाने मोठ्ठा शून्य काढलाय. त्याची झेरॉक्स घेऊन येत्या रविवारी उपासना संपल्यावर येतो, तेव्हा आधी नाव विचारीन.