सायकलस्वारांना सावली हवी, काचेची खोली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात तिसऱ्या पानावर बातमीसोबत छापलेले, सायकलस्वारांसाठी रस्त्याकडेला बांधायच्या विश्रांती थांब्याचे चित्र काल दिवसभर डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहायला बसले. तीन बाजूंनी काच, वर पत्रा, खाली स्टीलचा बाक, बाकाला दर दीड फुटावर लोखंडी हात आणि कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगचा खांब. पत्र्यावर सौर पॅनेल आहे म्हणून त्याला ‘पर्यावरणपूरक’ म्हटले आहे. ज्यांनी हे चित्र काढले त्यांनी विदर्भातली एप्रिलची एकही दुपार रस्त्यावर काढलेली नाही, हे मी खात्रीने सांगते.

मी शिक्षिका आहे, वय सत्तेचाळीस. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, ती बातमी वाचून मी सायकल घेतली. आता 200 आणि 300 किलोमीटरच्या ब्रेवेट, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करते. 

गेल्या एप्रिलची गोष्ट सांगते. नागपूर–अमरावती–नागपूर, 300 ची ब्रेवेट, मुदत वीस तास. पहाटे पाचला निघालो. अमरावतीहून परत फिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. माझ्याबरोबर आमच्या शाळेतला एक तरुण सहकारी होता, त्याची पहिलीच 300. तिवसा मागे टाकले आणि तो गप्प झाला. मी काही विचारले तर भलतेच उत्तर देऊ लागला. हात लावून पाहिला तर कातडी कोरडी आणि तापलेली, घाम येणे थांबलेले. बाटलीतले पाणी चहाला चालेल इतके गरम. समोर एक प्रवासी निवारा दिसला. नवा, चकचकीत, तुमच्या चित्रातल्यासारखाच. तो बाकावर टेकला आणि चटका बसून लगेच उठला. पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होते. त्या निवाऱ्याची सावली मागच्या बाजूला, नालीत पडली होती.

तिथून अर्ध्या किलोमीटरवर एका धुऱ्यावर कडुलिंब होता. खाली एक म्हातारी आजी रसवंतीच्या बंद टपरीशेजारी बसली होती. ओल्या पोत्याने गुंडाळलेला रांजण, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर उपडा ग्लास. मी सहकाऱ्याच्या डोक्यावर, मानेवर तांब्या तांब्या पाणी ओतले, माझी ओढणी भिजवून अंगावर टाकली, आणि आजी पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. ‘बस वं माय, उन्ह उतरू दे, मंग जाजो,’ एवढेच म्हणाली. पाऊण तासाने तो नीट बोलू लागला. त्याला टेम्पोने परत पाठवले. त्या झाडाखाली रांजण नसता तर काय झाले असते, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

संपादक महोदय, तो रांजण आणि तो निवारा यांच्यात पाचशे मीटरचे अंतर होते. निवाऱ्यावर सरकारी पैसा खर्च झाला होता, रांजणावर रोज चार घागरी पाणी.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून ओले पोते आणि वाळ्याची ताटी इथे काम करते. कूलरही त्याच जोरावर चालतो. हे नागपुरातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग रस्त्यावर थांबा बांधताना काच का? पश्चिमेची भिंत मातीची, दीड फूट जाडीची, बंद हवी. दुपारची झळ तिकडूनच येते. उत्तर-दक्षिण मोकळे. छत कवेलूंचे, पडवी पुढे चार हात ओढलेली. बांबू गडचिरोली–चंद्रपुरातून येतो, माती तर जागेवरच आहे. नमुना पाहायला परदेशात जायला नको. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा तिथल्याच माती, बांबू आणि कवेलूंची घरे उभी राहिली. सेवाग्राम नागपूरपासून दोन तासांच्या आत आहे. मे महिन्यात भर दुपारी बापू कुटीच्या पडवीत बसून बघावे, मग चित्र काढावे. कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात, माकडे ते फोडतात, हे मला मान्य आहे. पण ते फेरणारा माणूस त्याच गावात असतो. काचेचे तावदान फुटले की ते वर्षभर तसेच राहते.

आता त्या बाकाबद्दल. मधले लोखंडी हात कोणी आडवे होऊ नये म्हणून लावतात. पण 600 किलोमीटरच्या ब्रेवेटला 40 तास असतात. दुसऱ्या रात्री सायकलवर डोळे मिटू लागतात आणि शेजारून ट्रक जात असतो. तेव्हा वीस मिनिटे पाठ टेकणे हाच तर विश्रांती थांब्याचा उपयोग! आमच्यातले कित्येक जण एटीएमच्या फरशीवर झोपले आहेत, कारण तिथे दिवा असतो आणि थंडावा असतो. एक रुंद ओटा द्या, वर शहाबादी फरशी, एवढे पुरे. आणि सायकल आत घेता आली पाहिजे. सायकल बाहेर उभी करून कोणालाच झोप लागत नाही. तुमच्या चित्रातल्या दारातून हँडल आत जाणार नाही.

बातमीत म्हटले आहे की जागा अॅपवर आरक्षित करता येईल. आम्ही कुठे, किती वाजता कोसळणार हे आम्हालाच माहीत नसते. शिवाय या वाटेने शाळेची मुले सायकलवर जातात, दुधाचे कॅन लावलेले गवळी जातात, शेगावला पायी निघालेले लोक जातात. त्यांनी आरक्षण कसे करायचे? आणि समृद्धी महामार्गावरही असे थांबे होतील, हे तुमच्या प्रतिनिधीने तपासून लिहायला हवे होते. त्या 701 किलोमीटरवर सायकलला प्रवेशच नाही. आम्ही जुन्याच रस्त्यांवर असतो.

बायकांबद्दल बातमीत एक ओळही नाही. त्या एप्रिलच्या ब्रेवेटमध्येच रात्री साडेदहाला कोंढाळीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबले. महिला प्रसाधनगृहाला कुलूप. चावी मालकाकडे, मालक घरी. मी अंधारात रस्त्याच्या कडेला, रिफ्लेक्टरचे जॅकेट काढून हातात घेऊन गेले, कारण ते दिव्यात चमकते. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती दिवसभराच्या उन्हाची वाटली नव्हती. थांब्यात संडास हवा, त्याला आतून लागणारी कडी हवी, बाहेर रात्रभर जळणारा दिवा हवा. सौर पॅनेल त्यासाठी जरूर लावा. दोन दिवे आणि चार-पाच फोन यांना लहानसे पॅनेल पुरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिथे माणूस हवा. ज्याची टपरी किंवा रसवंती आधीच रस्त्यावर आहे, त्यालाच शेजारी ओटा आणि पडवी बांधून द्या. रांजण भरण्याचे, संडास धुण्याचे महिन्याचे पैसे ठरवून द्या, आणि ते वेळेवर द्या. रिकामी इमारत उभी केली की सहा महिन्यांत बॅटरी जाते, मग नळ, मग दार.

पत्र लांबले, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेच्या चिंचा आणि कडुलिंब गेले. दुभाजकात कण्हेर लावली आहे, ती फुलतेही छान. पण तिची सावली कोणाच्याही अंगावर पडत नाही. कडेने पुन्हा कडुलिंब लावायला कोणाची हरकत आहे, हे तुमच्या प्रतिनिधीने संबंधितांना विचारावे आणि उत्तर छापावे.

मी त्या रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी नागपुरात पोचले, मुदतीच्या चाळीस मिनिटे आधी. पुढच्या रविवारी आम्ही दोघे तिवशाला गेलो होतो. आजीचा रांजण खालून पाझरत होता. नवा घेऊन दिला आहे.

आपली,
एक सायकलस्वार शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर