ट्यूब प्रीअँप्लिफायर आणि सॉलिड-स्टेट पॉवर अँप्लिफायर यांच्या जोडसंचाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जोडसंचातील खर्जाची घट आणि चालू करताना स्पीकरला बसणारा धक्का

महोदय,

परस्परांना पूरक जोडी म्हणून आपण विकलेला ट्यूब प्रीअँप्लिफायर (ध्वनिसंकेत आधी हाताळणारे, निर्वात नळ्यांवर चालणारे उपकरण) आणि सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) पॉवर अँप्लिफायर, जो तो संकेत वाढवून स्पीकरला देतो, असा संच मी विकत घेतला आहे. दोन्ही उपकरणे इतर यंत्रणेला जोडली असता उत्तम चालतात. मात्र एकमेकांना जोडताच खर्ज क्षीण होतो. याविषयी दूरध्वनीवरून तक्रार केली असता ‘ट्यूबचा आवाज मुळातच मऊ असतो’ असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही.

प्रीअँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (विद्युत संकेताला होणारा अडथळा) ६०० ओहम आणि पॉवर अँप्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असल्याचे आपल्या पुस्तिकांत छापले आहे. पुढच्या उपकरणाचा इम्पिडन्स मागच्याच्या किमान दहापट असावा, या प्रचलित नियमात ही जोडी बसते, असे आपल्या तंत्रज्ञांनी मला सांगितले. परंतु ६०० ओहम हा आकडा पुस्तिकेतच १,००० हर्ट्झसाठी दिलेला आहे. ट्यूबवरचे उच्च डीसी (एकाच दिशेचे) व्होल्टेज पुढे जाऊ नये म्हणून आउटपुटला कपॅसिटर (ते अडवून ध्वनिसंकेत पुढे जाऊ देणारा घटक) लागतो, आणि आपल्या सर्किटच्या आकृतीत तो अवघा ०.४७ मायक्रोफॅरडचा दिसतो. सूर जितका खालचा, तितका कपॅसिटरचा अडथळा वाढतो; ४० हर्ट्झला या कपॅसिटरचाच अडथळा सुमारे ८,५०० ओहम होतो, म्हणजे तेथे दहापटीचा प्रश्नच उरत नाही. परिणामी ४० हर्ट्झला आवाज सुमारे २ डेसिबलने आणि ३० हर्ट्झला ३ डेसिबलहून अधिक घटतो. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झची असते. तिचा नाद या संचावर पोकळ लागतो, तारेवरचा आघात ऐकू येतो पण त्यामागचा भार येत नाही. हाच प्रीअँप्लिफायर ४७ किलोओहम इनपुटच्या दुसऱ्या पॉवर अँप्लिफायरला जोडला, की तो भार परत येतो, कारण तेव्हा ३ डेसिबलची घट थेट ७ हर्ट्झच्या आसपास जाते. दोष ट्यूबच्या स्वभावात असता, तर तो तेथेही दिसला असता.

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते. संचासोबत दिलेल्या ट्रिगर केबलमुळे दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू होतात. सॉलिड-स्टेट पॉवर अँप्लिफायर क्षणात सज्ज होतो, तर ट्यूब तापून स्थिरावायला वेळ लागतो. दरम्यान आउटपुटचा कपॅसिटर चार्ज होताना निघणारा झटका पॉवर अँप्लिफायर वाढवून थेट स्पीकरकडे पाठवतो. दणका ऐकू येतो, वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) कोन झटकन बाहेर येतो आणि सावकाश मागे जातो. आधी प्रीअँप्लिफायर लावावा, तो स्थिरावल्यावर पॉवर अँप्लिफायर, आणि बंद करताना उलट क्रम ठेवावा, ही काळजी अशा मिश्र जोडणीत नेहमीच घेतली जाते. आपल्या पुस्तिकेत मात्र तिचा उल्लेख नाही, उलट केबल तो क्रम पाळूच देत नाही. आउटपुट विलंबाने जोडणारा म्यूट रिले (आपोआप चालणारा स्विच) प्रीअँप्लिफायरमध्ये असता, तर हा प्रश्न उद्भवला नसता.

ट्यूब आणि सॉलिड-स्टेट एकत्र वापरणे ही चांगली कल्पना आहे, आणि पॉवर अँप्लिफायरचा वूफरवरील ताबा मला मनापासून आवडला म्हणूनच हा संच मी निवडला. म्हणून माझी पहिली मागणी दुरुस्तीची आहे. आउटपुटला योग्य व्होल्टेज क्षमतेचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि म्यूट रिले कंपनीच्या खर्चाने बसवून द्यावा, आणि या बदलामुळे वॉरंटी बाधित होणार नाही असे लेखी कळवावे. हे शक्य नसल्यास दोन्ही उपकरणे परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. जोडी म्हणून विकलेल्या वस्तूंपैकी एकच परत घेण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही.

सोबत खरेदीची पावती आणि दोन्ही पुस्तिकांतील संबंधित पानांच्या प्रती जोडल्या आहेत. या पत्राचे उत्तर आपल्या तांत्रिक विभागाकडून लेखी मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ग्राहक