लॉगमधली तुटकी ओळ वाचायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

त्या रात्री फोन ठेवताना मी नुसतं 'थँक्यू' म्हणालो. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र. क्रॉनपाशी, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी, अडलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितोय.

तेवीस रात्री बॅकअप झालाच नव्हता, आणि कारण मीच केलेला बदल होता. आधी रोज एकाच फाइलवर बॅकअप चढायचा. प्रत्येक दिवसाची फाइल वेगळी राहावी म्हणून मी क्रॉनटॅबच्या (क्रॉनने कोणती कमांड कधी चालवायची, याची यादी) ओळीत कंसात डेट कमांड घालून नावात तारीख आणली. तारीख कशी लिहायची हे या कमांडला अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे टक्क्याची चिन्हं देऊन सांगतात. तीच ओळ टर्मिनलवर चालवली, फाइल तयार झाली, मी निर्धास्त झालो. मग एका सहकाऱ्याच्या हातून एक फोल्डर पुसलं गेलं. बॅकअप शोधायला गेलो तर सर्वांत नवी फाइल मी त्या दिवशी हाताने चालवून केलेलीच होती. त्यानंतर एकही नाही.

रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला तेव्हा माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. डिस्क भरली असेल, परवानग्या बदलल्या असतील, क्रॉनच बंद असेल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लॉगमधली कालची ओळ मोठ्याने वाच. अक्षरन् अक्षर." लॉग म्हणजे क्रॉनने काय चालवलं याची नोंद. मी वाचायला लागलो. डेटपुढच्या अधिकच्या चिन्हाशी ओळ संपली. ती ओळ मी संध्याकाळपासून कितीदा तरी पाहिली होती. लांब ओळी लॉग छाटत असेल, असं मी धरून चाललो होतो. "छाटलेली नाही," तुम्ही म्हणालात, "क्रॉनने तेवढीच चालवली."

क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. कमांड पहिल्या टक्क्यापाशी संपते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून दिला जातो. टक्क्याआधी बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ) असेल तरच तो साधा टक्का राहतो. कमांड चालवणाऱ्या शेलच्या हाती अर्धाच कंस पडत होता आणि तो रोज रात्री तक्रार करत होता. ती तक्रार क्रॉन मेलने पाठवतो. आमच्या मशीनवर मेलची सोयच नव्हती. आणि लॉगमधली ओळ काम सुरू केल्याची असते, पार पडल्याची नव्हे. टक्क्याचं आणि मेलचं हे सगळं मशीनवरच्या मॅन्युअलच्या पाचव्या विभागात, क्रॉनटॅबच्या पानावर लिहिलेलं आहे. तुम्ही मला ते पान स्वतः उघडून वाचायला लावलंत, याबद्दल तर विशेष आभार. नुसतं उत्तर मिळालं असतं तर मी त्या पानाकडे फिरकलोही नसतो.

खरं तर फोन तिथेच संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही अजून तासभर थांबलात. "क्रॉन तुझ्या लॉगिनमधून येत नाही," हे तुमचं वाक्य मी अजून घोकतो. त्याचा पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो; लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या आपल्या प्रोफाइलमधलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून कमांड वेगळ्या फाइलीत, म्हणजे स्क्रिप्टमध्ये हलवली, प्रत्येक फाइलीचा पत्ता पूर्ण लिहिला, आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलीत वळवले. एक बॅकअप संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड वापरली. क्रॉनटॅबची प्रत आधी फाइलीत काढून ठेवली, कारण क्रॉनटॅब कमांडचा बदल करायचा पर्याय 'ई' आणि पुसायचा 'आर' कीबोर्डवर शेजारी-शेजारी आहेत आणि 'आर'चा पर्याय सहसा काही न विचारता सगळा क्रॉनटॅब पुसतो. शेवटी नवा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडून, फाइली उघडून पाहायला लावलंत. तोवर दीड वाजला होता.

जाता जाता तुम्ही एक प्रश्न टाकला होता: क्रॉनटॅबच्या ओळीत तारखेच्या रकान्यात १ ते ७ आणि वाराच्या रकान्यात सोमवार लिहिला, तर काम महिन्याच्या पहिल्या सोमवारी होईल का? मी घाईत 'हो' म्हणालो आणि तुम्ही हसून "बघ करून" म्हणालात. पाहिलं, ताई. नाही होणार. दोन्ही रकाने भरले की क्रॉनला दोहोंपैकी एक जुळलं तरी पुरतं; म्हणजे पहिले सातही दिवस आणि शिवाय दर सोमवारी. मी वाराच्या रकान्यात तारा (म्हणजे 'कोणताही वार') ठेवला आणि आज सोमवार नसेल तर बाहेर पड, ही तपासणी स्क्रिप्टच्या सुरुवातीला घातली. क्रॉनटॅबच्या ओळीत घातली असती तर तिथेही टक्क्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागला असता.

तुमचा,
त्या रात्री फोन करणारा