आरोप पान एकवर, निकाल पान नऊवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी श्रीरामपूरची निवृत्त शिक्षिका. हायस्कूलला मराठी शिकवलं. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी तयार करा असा प्रश्न असतो. त्यात मुलांनी पदरचं मत घुसडलं की मी सरळ गुण कापायचे. वर्गात नमुन्यासाठी कात्रणं न्यायचे ती बहुतेक आपल्याच दैनिकाची, कारण आमच्या घरी अब्बांच्या वेळेपासून तेच येतं. त्या हक्कानं लिहिते आहे.

जुलै 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन मोठे निकाल लागले. 21 तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. 31 तारखेला विशेष न्यायालयानं मालेगावच्या 2008 च्या स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. दोन्हीकडे मुद्दा एकच, सरकार पक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही. आपले दोन्ही अंक मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. लोकलच्या निकालाला आपण फाटलेल्या डब्याचा फोटो लावलात आणि अग्रलेखात विचारलंत की मग एवढ्या माणसांना मारलं कुणी. रास्त प्रश्न आहे, 180 हून जास्त जीव गेले होते. मालेगावच्या निकालाला मात्र हारतुऱ्यांचा फोटो, आत सुटलेल्यांनी काय भोगलं यावर पूर्ण पान. तेही रास्तच. पण मालेगावच्या भिक्कू चौकातल्या त्या स्फोटात गेलेल्या सहा जणांना मारलं कुणी, हा प्रश्न त्या दिवशी अग्रलेखाला पडला नाही. आणि त्या बारा जणांनी जवळजवळ 19 वर्षं तुरुंगात काढली, त्यांतला एक 2021 मध्ये कोरोनानं कोठडीतच गेला, यावर अर्धा कॉलमही नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं 24 जुलैला तो निकाल दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, ते आपण पहिल्या पानावर घेतलंत. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडायचं नाही, हे त्याच आदेशातलं वाक्य शोधायला मला पान सातवर जावं लागलं.

उर्दू दैनिकंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. माझ्या नणंदेकडे येतं त्यानं याच दोन निकालांना नेमकी उलटी वागणूक दिली. तिथेही पत्र धाडलं आहे.

पण माझं जुनं दुखणं 2020 चं आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यातलं आहे.

त्या वर्षी मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचं, म्हणजे तबलीग जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मुख्यालयाचं प्रकरण निघालं; तिथे जमलेल्यांत कोरोनाचे रुग्ण सापडले. आधी स्पष्ट सांगते, मला तबलीग जमातीचं कौतुक नाही. जमातवाले गश्तीला, म्हणजे दारोदार धर्माचं सांगायला, गल्लीत शिरले की अब्बा मागच्या दारानं सटकायचे. दिल्ली सरकारनं गर्दीवर बंधनं घातल्यावरही मरकजनं माणसं तिथे राहू दिली, हा बेजबाबदारपणा होता आणि त्यावर टीका व्हायलाच हवी होती. झालं मात्र वेगळंच. एप्रिलभर आपल्या जिल्हा पुरवणीत रुग्णांचे दोन रकाने असायचे, एक रुग्णांचा आणि एक ‘तबलिगीं’चा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयही तेच करत होतं. 18 एप्रिलला त्यांनी 14,378 पैकी 4,291 रुग्ण तबलिगीशी संबंधित असल्याचं सांगितलं. तेव्हा तपासण्या मोजक्याच व्हायच्या आणि मरकजला गेलेल्यांना हुडकून हुडकून तपासलं जात होतं. ज्यांना तपासलं त्यांच्यातच रुग्ण सापडणार, हे सातवीतलं पोरही सांगेल. एकूण तपासण्यांत त्यांचा वाटा किती, हे एकाही बातमीदारानं विचारलं नाही. त्याच मंत्रालयानं 8 एप्रिलला कुठल्याही समाजावर शिक्का मारू नका असं आवाहन केलं होतं. ते मी आपल्या अंकात दुर्बीण लावून शोधलं, दिसलं नाही.

त्याच सुमारास नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे हजारो शीख भाविक टाळेबंदीत राहिले होते. एप्रिलअखेर ते बसनं घरी गेले आणि त्यांच्यातल्या शेकडो जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. आपण त्यांना ‘अडकलेले भाविक’ म्हटलंत. बिचारे अडकलेच होते, बरोबर छापलंत. मग आमच्या जिल्ह्यात आलेले जमातीचे परदेशी त्याच टाळेबंदीत मशिदीत सापडले ते ‘लपलेले’ कसे? विमानं बंद, लॉज बंद. मशिदीत नाही राहायचं तर त्या माणसांनी जायचं तरी कुठे?

अंक तेव्हा घरपोच येत नव्हता, पीडीएफ फिरायची. माझा धाकटा भाऊ फळांची हातगाडी लावतो. एप्रिलचा दुसरा आठवडा असेल, कलिंगडं-खरबुजं घेऊन तो नेहमीच्या कॉलनीत गेला, तर फाटकावर दोघांनी आधार कार्ड मागितलं. त्यांतले एक माझ्या विद्यार्थ्याचे वडील. नाव वाचल्यावर त्यांनी मोबाइलवर आपल्या पुरवणीचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाले, “तुझ्यावर राग नाही रे, पण हे बघ काय आलंय.” भावानं हुज्जत घातली नाही. गाडी वळवली, चार दिवस बाहेर पडला नाही. कलिंगडं नरम पडायला लागली तशी वहिनीनं चिरून गल्लीत वाटून टाकली. पुरवणीच्या त्या पानावर भावाचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. पण फाटकावरच्या माणसाला तेवढं पान पुरलं.

आता निकालाचं. आमच्या जिल्ह्यात पकडलेल्या त्या लोकांवर व्हिसाच्या अटी मोडल्या, रोग पसरवला असे गुन्हे होते. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं 29 परदेशी नागरिकांवरचे आणि त्यांच्यासोबतच्या भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले. घाना, टांझानिया, बेनिन, इंडोनेशिया असे कुठले कुठले लोक होते ते. न्या. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिलं की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत या परदेशी लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, आणि साथीसारख्या संकटात सरकारला बळीचा बकरा लागतो, त्यासाठी हे लोक निवडले गेले असावेत. दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर यांना यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती आणि त्यांनी तसं वेगळं नोंदवलं. गुन्हे रद्द करण्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

न्यायालय छापील माध्यमांबद्दल बोललं होतं, म्हणजे आपल्याबद्दलही. ती बातमी आपण पान नऊवर, निविदांच्या जाहिरातींखाली, एका कॉलमात घेतलीत आणि त्यातून अपप्रचाराचं वाक्य गाळलंत. एप्रिलमध्ये याच माणसांना पकडल्याची बातमी पहिल्या पानावर सहा कॉलमांत होती, चौकटीसकट. दोन्ही कात्रणांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. मोजपट्टी लावून पाहावं.

पुढे डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आणखी 36 परदेशी लोकांना सोडलं. आणि 17 जुलै 2025 ला, म्हणजे लोकलच्या निकालाच्या चार दिवस आधी, दिल्ली उच्च न्यायालयानं मरकजच्या लोकांना आसरा दिल्याबद्दल 70 भारतीयांवर असलेले 16 गुन्हे रद्द केले. पाच वर्षं ही माणसं तारखा झेलत होती.

माझं मागणं फार नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे तेवढंच करा. मथळ्यात आरोप असेल तर तो कुणाचा ते लिहा, नाहीतर निदान अवतरणचिन्हात टाका. चुकीची दुरुस्ती ठळकपणे छापा. कौन्सिल फार तर ताशेरे ओढतं, दंड काही करत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच आपल्याला विनवते आहे. आणि पकडल्याची बातमी जिल्हा पुरवणीच्या पहिल्या पानावर गेली असेल, तर सुटल्याची बातमीही त्याच पानावर येऊ द्या. मग आरोपी आमच्यातला असो, मालेगावच्या खटल्यातला असो की आणखी कुठला.

17 जुलैच्या दिल्लीच्या निकालाची बातमी मला आपल्या अंकात मिळाली नाही. छापली असल्यास तारीख आणि पान कळवावं. नसल्यास अजूनही छापता येईल.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, श्रीरामपूर
(पूर्ण नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे. भावाचा धंदा त्याच कॉलनीत असल्यानं तो छापू नये.)