आप्पा, तुम्ही पंखे बंद केलेत म्हणून

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या साउंडच्या दुकानावर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही पोराला चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. त्या रात्री हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना कळायला हवं की आपण जे ऐकलं ते कुणामुळे ऐकलं.

ताईंचा तो निरोपाचा दौरा होता. स्वतः गाणी लिहायची, स्वतः चाल लावायची आणि गिटार घेऊन एकटीने गावोगाव गायची, अशी त्यांची इतकी वर्षं गेली. पाठीशी ना कंपनी, ना मॅनेजर. यापुढे स्टेजवर गाणार नाही, असं जाहीर करूनच त्या निघाल्या होत्या. असे दौरे मुंबई, पुणे, नाशिक करतात आणि तिथून थेट नागपूर गाठतात. भुसावळसारखं जंक्शन आपल्याकडे आहे, दिल्लीची गाडी इथून जाते, हावड्याची जाते, पण कलाकार मंडळी खानदेश बहुतेक रात्रीच्या झोपेत ओलांडतात. ताईंचं आजोळ आपल्या शेजारच्या पारोळ्याचं. "शेवटचा दौरा आहे, तर एक मुक्काम तिकडे हवाच," असं त्यांनी स्वतःहून कळवलं, तेव्हा आमच्या छोट्या मंडळाला आनंदाबरोबर घामही फुटला.

गाण्याला आपल्या मुलखात तोटा नाही. आखाजीला झोक्यावर पोरीबाळी गातात, कानबाईची रात्र गाण्यांनी जागते, डफावर वहीगायन होतं. अमळनेरला तर १९५२ साली आणि पुन्हा २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, शब्द ऐकायला माणसं लोटली. पण एकटं माणूस हळू आवाजात स्वतःचं गाणं म्हणणार आणि लोकांनी तिकीट काढून ते शांतपणे ऐकायचं, याची सवय ना आपल्याला, ना आपल्या सभागृहांना. त्यात ठरलेला हॉल आयत्या वेळी हातचा गेला. उरलं ते लग्नाचं मंगल कार्यालय. वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी, तिन्ही बाजूंना बोडक्या भिंती. सकाळी स्टेजवर उभं राहून एक टाळी वाजवली, तर तिचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून आमच्याकडेच परत आला.

तुमचं नाव गावात लग्नाच्या वरातीमुळे आणि गणपतीच्या मिरवणुकीमुळे. त्यामुळे आमच्यातल्या एकदोघांना शंका होती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही ती मनावर घेतली नाहीत. सकाळीच आलात, कार्यालयभर नुसते फिरलात, भिंतींवर बोटं वाजवून पाहिलीत आणि टेम्पो परत पाठवलात. तो मंडपाचे जाड पडदे, सतरंज्या आणि बैठकीच्या गाद्या घेऊन आला.

मग तुम्ही आम्हाला जे समजावलंत ते इथे मुद्दाम लिहितो, कारण गावात पुढे कुणी असा कार्यक्रम करील तर त्याला उपयोग होईल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर फुटी कार्यालयात तो मागच्या भिंतीला लागून स्टेजपर्यंत परत यायला सेकंदाचा जवळपास सहावा भाग घेतो. तेवढ्यात गाणारीचा पुढचा शब्द तोंडातून निघालेला असतो आणि दोन्हींचा काला होतो. म्हणून मागच्या भिंतीवर पडदे. तेही भिंतीला चिकटवून नाहीत. हातभर अंतर सोडून, चांगल्या चुण्या पाडून टांगलेत, कारण तसा पडदा आवाज जास्त पितो. समोर मोठे बॉक्स लावून आवाज वाढवण्याऐवजी हॉलच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर उभे केलेत आणि त्यांना ४४ मिलिसेकंद उशीर दिलात. स्टेजवरचा आवाज पंधरा मीटर चालून येतो तेव्हाच तेही बोलतात, आणि मागच्या रांगेतल्या आजीला वाटतं की ताई समोरूनच गाताहेत.

ताईंचा आवाज मुळात मंद. माईक वाढवला की स्पीकरमधून शिट्टी. तुम्ही घाई केली नाहीत. आवाज हळूहळू चढवायचा, शिट्टी सुरू झाली की इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायच्या यंत्रावर, नेमकी तीच पट्टी शोधून थोडी खाली घ्यायची, पुन्हा चढवायचा. ताई स्टेजवर बसून तुमच्याकडे बघत होत्या. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या की साउंड चेकला इतका वेळ त्यांना मोठ्या शहरांतही क्वचित मिळाला. गिटारमध्ये येणारी बारीक घरघरही तुम्ही सोडली नाहीत. एकेक प्लग काढत गेलात आणि शेवटी ती पंख्यांच्या जुन्या रेग्युलेटरपाशी सापडली.

मार्चअखेरचा उकाडा, हॉल भरलेला, आणि पंखे बंद करायचे! आम्ही कचरलो. तुम्ही आवाजाचा मिक्सर सोडून पुढे आलात, माईक न घेता मोठ्याने म्हणालात, "आते पंखा बंद करस. मंग ताईना आवाज आयका." लोक हसले, कुणीतरी "करा आप्पा" म्हणालं. त्यानंतरचा दीड तास माणसं घामाने भिजली, पण उठलं कुणी नाही. ताईंनी श्वास घेतलेला शेवटच्या रांगेत ऐकू येत होता. आजीकडून शिकलेली जात्यावरची ओवी त्यांनी गिटार बाजूला ठेवून अहिराणीत म्हटली, तेव्हा तुम्ही मिक्सरवरची आवाज वाढवायची सरकपट्टी, फेडर, किती हळू वर नेलीत ते मी शेजारी उभा राहून पाहिलं आहे. बोट हललेलं दिसत नव्हतं.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको हा नियम तुम्ही आधीच बजावून ठेवला होता, त्यामुळे कार्यक्रम वेळेत संपला आणि पोलिसांपुढे आम्हाला मान खाली घालावी लागली नाही. पैसे देऊ लागलो तर तुम्ही टेम्पोचं डिझेल आणि पोरांची मजुरी तेवढी घेतलीत. तिकिटाचे वाचलेले पैसे सगळे ताईंना द्या म्हणालात. एकट्याने दौरा काढणाऱ्या कलाकाराचा गाडीभाडं आणि मुक्कामाचा खर्च भागला तरी खूप, हे आम्हाला तेव्हा तरी कुठे नीट माहीत होतं? तुम्हाला होतं, कारण तुम्ही उमेदीत तमाशाच्या फडांबरोबर फिरला आहात. सकाळी निघताना ताई तुमच्या पाया पडल्या. तुम्ही तेव्हा वायरी गुंडाळत होतात.

आणखी एक. मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग कोरडं वाटतं म्हणून तुम्ही हॉलमध्ये वेगळे दोन माईक टांगले होते, हे आम्हाला पेनड्राइव्ह हातात आल्यावर कळलं. टाळ्या, एका लहान मुलाचं रडणं, बाहेरून गेलेली मालगाडी, सगळं त्यात आहे. ताईंना एक प्रत पाठवली आहे. आम्ही सगळे येत्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसून ते पूर्ण ऐकणार आहोत. काकूंना घेऊन या. काकूंनी त्या रात्री पोरांसाठी भरीत-भाकरीचा डबा पाठवला होता, त्यांचेही आभार मानायचे राहिले आहेत. सहाला सुरू करू. तुम्ही येईपर्यंत थांबू.

तुमचे,
अमळनेरच्या मंडळातले सगळे