हॉलची भिंत चित्रकारांना द्यावी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य

विषय: सोसायटीच्या हॉलमध्ये स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं भरवण्यास परवानगी मिळण्याबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या सभेत हॉलच्या वापराचा विषय अगदी शेवटी निघाला आणि वेळ संपत आल्याने माझं म्हणणं अर्धवट राहिलं, म्हणून हे लेखी देते आहे. माझी मागणी एकच आहे. वर्षातून निदान तीन-चार वेळा, दोन-दोन आठवड्यांसाठी, आपला हॉल इथल्या आणि आसपास राहणाऱ्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी द्यावा. आणि द्यायचा तर नीट द्यावा.

हा ‘नीट’ मी मुद्दाम लिहिला आहे. गेल्या वर्धापनदिनाला आपण हॉलमध्ये चित्रं लावली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर सोडलेल्या चपलांची जलरंगात चित्रं केली होती. माणूस एकही नाही, नुसत्या चपला. त्यातल्या एका निळ्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता. आमच्या मजल्यावरचे आजोबा त्या चित्रासमोर थांबले, वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि तसेच वर जाऊन आजींना घेऊन आले. इतकी वर्षं एकाच जिन्यात राहून त्या दोन घरांचं बोलणं ‘लिफ्ट आली का’ याच्यापुढे गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिघं खुर्च्या ओढून तासभर बोलत बसले होते.

पुढे त्याच चित्रांचं काय झालं, हेही सांगायला हवं. ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने थेट भिंतीवर लावली होती, आणि तीही पाइपाची ओल झिरपणाऱ्या भिंतीवर. कार्यक्रम एका दिवसाचा, पण चित्रं उतरवायची जबाबदारी कुणावरच नव्हती, त्यामुळे ती पाच आठवडे तिथेच राहिली. काढताना दोन चित्रांचे कोपरे टेपबरोबर सोलून निघाले, एकावर बुरशीचे करडे ठिपके पडले होते. काकू एका शब्दानेही बोलल्या नाहीत. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून चित्रं घेऊन गेल्या. यंदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आता नको गं.” टेप लावायला मीही हात लावला होता, त्यामुळे ते ‘नको’ मला अजून टोचतं.

त्यानंतर मी या कामाची थोडी माहिती करून घेतली. हवेतली आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. म्हणून ओलीची भिंत आपण वगळलीच पाहिजे. कोरड्या भिंतीवरसुद्धा फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते. उन्हाचंही तसंच. जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात, तैलरंगांसाठी 200 लक्सच्या आसपास. खिडकीतून थेट येणारं ऊन हजारो लक्सचं असतं, आणि एकदा उडालेला रंग कशानेही परत येत नाही. दोन आठवड्यांसाठी संग्रहालयाची काटेकोर व्यवस्था कुणी मागत नाही, पण पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे तरी हवेत.

भिंतीला प्रत्येक वेळी खिळे ठोकू नयेत, हे खजिनदारांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्यासाठी छताखाली एकदाच धातूची पट्टी बसवून घ्यावी. तिच्यातून तारा सोडायच्या, तारेवर हुक सरकवायचा आणि चित्र हवं तितकं वर-खाली करायचं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला नीट पडतो. आपल्याकडे व्हीलचेअरवरची माणसं आहेत, लहान मुलं आहेत, म्हणून मी तर थोडं खालीच लावा म्हणेन. जिन्यातल्या भिंती वापरण्याची सूचना मात्र सोडून द्यावी. आग लागली तर उतरायची वाट तीच, तिथे फ्रेमा आणि तारा नकोतच.

आता ज्या मुद्द्यामुळे मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, तो. सभेत असं सुचवलं गेलं की हॉलचं भाडं घेऊ नये, त्याऐवजी प्रत्येक चित्रकाराने एक चित्र सोसायटीला भेट द्यावं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण या अटीला माझा ठाम विरोध आहे. एखाद्या चित्रामागे दोन-दोन महिन्यांच्या रात्री गेलेल्या असतात. कागद, रंग, फ्रेम, काच यांचा खर्च चित्रकाराने आधीच खिशातून केलेला असतो. आपण प्लंबरला ‘आमच्या इमारतीत तुझं काम लोकांना दिसेल, तेव्हा एक नळ फुकट बसव’ असं म्हणत नाही. हॉल एरवी कुलूपबंदच असतो, तो उघडून दिल्याने आपलं काय जातं? विजेचा खर्च घ्यायचा तर सरळ पावती करून घ्यावा. कुणाला चित्र आवडलं तर त्याने चित्रकाराशी बोलून विकत घ्यावं, त्यात सोसायटीचा वाटा नसावा. आणि चित्र विकलं गेलं तरी लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. सोसायटीच्या दिनदर्शिकेवर ते छापायचं असेल तर आधी विचारलं पाहिजे.

‘सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रं बघायला येणार कोण?’ असंही एक सभासद म्हणाले. त्यावर मला पॅरिसमधलं 1874 सालचं एक प्रदर्शन आठवलं. मोने, देगा, रन्वार, बर्थ मोरिसो अशा साधारण तीस कलावंतांनी सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांवर विसंबून न राहता, नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन मांडलं होतं. पुढे जगभर गाजलेल्या चित्रशैलीचं ‘इम्प्रेशनिझम’ हे नाव त्याच प्रदर्शनातल्या एका चित्रावरून पडलं. मला त्यातली वेळेची गोष्ट फार आवडते. ते प्रदर्शन दिवसा तर उघडं असायचंच, शिवाय रात्री आठ ते दहासुद्धा. दिवसभर काम करणाऱ्याला येता यावं, याची सोय त्यांनी केली होती. आपल्याकडेही तसंच हवं. दुपारी हॉल उघडा ठेवून उपयोग नाही, माणसं घरी येतात संध्याकाळी.

बाहेरच्यांची नोंद गेटवरच्या वहीत होईलच, आणि हॉलला गेटकडून वेगळं दार असल्याने कुणाला विंगमध्ये शिरावं लागणार नाही. चित्रं घेताना आणि परत देताना मात्र यादीवर दोघांच्या सह्या हव्यात, सोबत प्रत्येक चित्राचा फोटो. उतरवायची तारीखही लावायच्या आधीच ठरलेली असावी.

निवड समिती नेमू नये, अशीही विनंती आहे. कोण चांगला चित्रकार, हे आपण ठरवायला बसलो की वर्षभराचे रुसवे ओढवून घेऊ. प्रत्येकाला भिंतीचा सारखा तुकडा द्यावा आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. शाळकरी मुलगा आणि पन्नास वर्षं रंगवणारा माणूस शेजारी-शेजारी लागले तर लागू देत.

हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिल्या तीनांत घ्यावा आणि निदान एका प्रदर्शनाला प्रायोगिक मंजुरी द्यावी. देखरेखीची आणि वेळेवर चित्रं उतरवण्याची जबाबदारी मी लेखी घ्यायला तयार आहे. पूर्वेकडची भिंत मी मोजली आहे. ती सव्वीस फूट आहे आणि पूर्ण कोरडी आहे. पट्टी कुठे बसवायची ते दाखवायला समिती म्हणेल त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये येईन. मंजुरी मिळाली तर सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकूंना ती भिंत दाखवायला घेऊन येणार आहे.

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद